ग्रामीण विदर्भातील प्राथमिक कलाशिक्षण : पार्श्वभूमी

विदर्भातील गावखेड्यांच्या जिल्हा परिषद शाळांत पहिली ते पाचवीच्या वेळापत्रकात कला या विषयाला आजही जागा आहे. मात्र त्या तासाला मुलांनी फळ्यावरचे चित्र वहीत उतरवून काढायचे, की माती, काड्या आणि पाने घेऊन स्वतःचे काही घडवायचे, हे शाळेगणिक आणि गुरुजींगणिक बदलते. या फरकामागे दोन निरनिराळ्या परंपरा आहेत. एक मुंबईहून आली, दुसरी वर्ध्याजवळ घडली. जी याच भूमीत घडली तीच इथल्या शाळांतून इतकी पुसट का झाली, हे समजून घेणे मला अगत्याचे वाटते.

मुंबईत सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून 1857 मध्ये कलाशाळा सुरू झाली. 1865 पासून तेथे लॉकवुड किपलिंग हे इंग्रज कलाशिक्षक शिकवत होते. त्या काळच्या सरकारी दृष्टीने चित्रकला म्हणजे प्रामुख्याने हात आणि डोळा यांची शिस्त होती. कारागिराला नक्षी नेमकी उतरवता यावी, आराखडा बिनचूक काढता यावा, हा तिचा उपयोग. वस्तुचित्र, संकल्पचित्र, स्मरणचित्र, कर्तव्यभूमिती, अक्षरलेखन ही आपल्याला परिचित असलेली विभागणी याच विचाराची आहे. 1956 मध्ये विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला, 1960 मध्ये महाराष्ट्र झाला आणि 1965 मध्ये कला संचालनालय स्थापन झाले. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा पुढे हायस्कुलांतील चित्रकलेची मोजपट्टी ठरल्या, आणि दहावीला त्यांचे वाढीव गुण मिळू लागल्यावर त्यांचे वजन आणखी वाढले. या परीक्षा पहिली-दुसरीच्या मुलांसाठी नाहीत. परंतु गावातल्या प्राथमिक शिक्षकाने स्वतःच्या शाळकरी वयात चित्रकला म्हणून जे पाहिलेले असते ते हेच, आणि म्हणून सहा वर्षांच्या मुलापुढेही फळ्यावर कमळ, घागर किंवा दोन डोंगरांमधला सूर्य येतो.

दुसरी परंपरा 1937 च्या ऑक्टोबरात वर्ध्याला भरलेल्या राष्ट्रीय शिक्षण परिषदेपासून सुरू होते. गांधीजींनी तेथे मांडलेल्या कल्पनेचा अभ्यासक्रम डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने तयार केला. सात ते चौदा वयाच्या मुलांचे शिक्षण सूतकताई, शेती, सुतारकाम अशा एखाद्या उद्योगाभोवती गुंफलेले असावे, ही त्याची मध्यवर्ती कल्पना होती. त्यात चित्रकलेलाही स्थान होते, हे बरेचदा विसरले जाते. आकार आणि रंग ओळखणारी नजर घडवणे, निसर्गातील व कलेतील सौंदर्याची जाण वाढवणे, जी वस्तू करायची तिचा आराखडा काढता येणे, अशी तिची उद्दिष्टे होती.

हे सारे प्रत्यक्ष आकाराला आले ते सेवाग्राममध्ये. हे शिक्षण राबवणाऱ्या हिंदुस्तानी तालीमी संघ या संस्थेचे काम तेथे आर्यनायकम् आणि आशादेवी हे दांपत्य पाहत असे. 1944 मध्ये तेथे देवीप्रसाद कलाशिक्षक म्हणून आले. ते शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्या हाताखाली शिकलेले चित्रकार आणि पुढे नामांकित कुंभकार; 1962 पर्यंत ते सेवाग्रामला राहिले. मूल चित्र काढते तेव्हा ते आपले जगणेच सांगत असते, त्याच्यापुढे मोठ्यांचा नमुना ठेवला की हे सांगणे थांबते, हा त्यांच्या कामाचा गाभा होता. व्हिएन्नात फ्रान्झ चिझेक या कलाशिक्षकांनी 1897 च्या सुमारास मुलांच्या चित्रांकडे असेच पाहायला सुरुवात केली होती. पण सेवाग्रामचे वेगळेपण असे की, येथे कला हा स्वतंत्र तास नव्हता. मडके, विणकाम, सणाची सजावट, वर्गाच्या भिंती यांत ती मिसळलेली होती.

या पद्धतीला लागणारी सामग्री विदर्भाच्या खेड्यात मुळात होतीच. पोळ्याच्या आधी मुले मातीचे बैल करतात. आपली काळी कपाशीची माती वाळताना आक्रसते आणि तडकते, म्हणून जाणती माणसे तिच्यात राख किंवा चाळलेले शेण मिसळतात, आणि शिंगे लावताना आत काडी घालून सांध्यावर ओला हात फिरवतात. पूर्व विदर्भात तान्ह्या पोळ्याला मुले लाकडी बैल सजवून नेतात, भाद्रपदापासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई-भुलोजींच्या, म्हणजे पार्वती-शंकराच्या, मूर्ती मांडल्या जातात, फाल्गुनात पळसाची फुले उकळून केशरी रंग निघतो, आणि गडचिरोली-मेळघाटाकडे बांबूकाम तर घरोघरी पाहायला मिळते. एवढे सगळे दाराशी असताना कलेचा तास बाजारातून आणलेल्या रंगपेटीवर अडून राहावा, याचे मनापासून वाईट वाटते.

स्वातंत्र्यानंतर वर्ध्याला मांडलेले हे उद्योगाभोवतीचे शिक्षण, म्हणजे बुनियादी शिक्षण, अनेक शाळांत टकळीवर सूत कातण्याच्या तासापुरते उरले. कोठारी आयोगाने (1964-66) कार्यानुभवाची शिफारस केली, तेव्हा हाताचे काम पुन्हा अभ्यासक्रमात आले. पण कला वेगळी आणि कार्यानुभव वेगळा अशी फाळणी तशीच राहिली. 2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने दहावीपर्यंत कलाशिक्षणाचा आग्रह धरला, बालभारतीने कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षण एकत्र आणणारे ‘खेळू, करू, शिकू’ हे पुस्तक दिले, आणि 2005 मध्येच सेवाग्रामला आनंद निकेतन शाळा नव्याने सुरू होऊन जुना धागा पुन्हा हाती घेतला गेला.

शिक्षकाचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात कलेच्या अंशकालीन निदेशकाची, म्हणजे अर्धवेळ शिक्षकाची, तरतूद आहे, पण ती सहावी ते आठवीसाठी आणि पटसंख्या शंभरावर असेल तरच. पहिली ते पाचवीला अशी कोणतीच तरतूद नाही, आणि मेळघाटातील किंवा गडचिरोलीतील छोट्या पटाच्या शाळांना तर वरच्या वर्गांसाठीही ती लागू होत नाही. तेथे गणित आणि भाषा शिकवणारे तेच गुरुजी किंवा बाई कलेचा तास घेतात, बरेचदा दोन-तीन इयत्ता एकत्र बसवून.