पॉवर टिलर आणि वीडर: दिसायला सारखे, धोके वेगळे

हँडल धरून मागून चालवायचं कुठलंही यंत्र गावाकडे ‘टिलर’च असतं. भाड्याने सांगतानाही तेवढंच सांगतात. पण कोकणातल्या खाचरात चिखलणी करणारा किंवा कोल्हापूरकडे उसाला भर लावणारा पॉवर टिलर वेगळा आणि परसबागेत, भाजीच्या वाफ्यांत फिरणारा छोटा वीडर वेगळा. एकावर बसलेला हात दुसऱ्यावर तसाच चालवला, की गडबड होते.

आधी एवढंच बघा: यंत्राला पुढे कोण ओढतंय? पॉवर टिलरला दोन चाकं ओढतात आणि पाती मागे, चालवणाऱ्याच्या पायांपुढे, जमीन फोडतात. 12-13 एचपीचं डिझेल इंजिन, रोटरसकट (फिरत्या पात्यांच्या मागच्या भागासकट) वजन 400 किलोच्या आसपास. छोट्या वीडरला कामाच्या वेळी बहुधा चाकंच नसतात. चाकांच्या जागी शाफ्टवर पाती बसवलेली. खोदतात तीच आणि ओढतातही तीच. (बॅक रोटरी, म्हणजे पाती मागे असलेले वीडर येतात, त्यांना चाकं असतात. ते टिलरचे धाकटे भाऊ समजा.)

म्हणूनच कडक जमिनीवर वीडर उडी मारतो. पाती मातीत शिरत नाहीत, मग चाकासारखी धावतात आणि चालवणारा मागून फरफटतो. मागे खाली टोचणारा लोखंडी दांडा अडचण वाटून काही जण काढून ठेवतात, पण या यंत्राचा खरा ब्रेक तोच. हँडल खाली दाबलं की दांडा रुततो, वेग मरतो आणि पाती खोल जातात. जरा उचललं की यंत्र पुढे सरकतं. दोन्ही हातांनी मागे ओढून धरण्यात फक्त खांदे दुखतात. जमीन वाळून टणक झाली असेल, तर आधी पाणी देऊन वाफसा येऊ द्यावा, पहिला फेरा वरवर मारावा, खोली दुसऱ्या फेऱ्यात.

वीडरचा रिव्हर्स जपून टाकावा, कारण पाती सरळ पायांकडे येतात. गमबूट हवेतच. लुंगी, लोंबता पदर किंवा गळ्यातला पंचा नको.

पॉवर टिलरचा धोका वळताना आणि मागे घेताना. डाव्या मुठीखालची स्टिअरिंग क्लच दाबली की डाव्या चाकाची ओढ सुटते आणि यंत्र डावीकडे वळतं. हे सपाटीवर. उतारावर मात्र सुटलेलं चाक जास्त पळतं आणि टिलर उलट, उजवीकडे वळतो! बांधावरून खाचरात उतरताना अनुभवी माणूसही इथे फसतो. उतारावर खालचा गिअर ठेवावा, स्टिअरिंग क्लचला हात लावू नये, हँडल ढकलूनच दिशा द्यावी. रिव्हर्समध्ये हँडल वर उसळतं. मागे माडाचं खोड किंवा भिंत असेल, तर माणूस मध्ये चेंगरतो. आधी रोटर बंद, मग मागे वळून बघणं, मग रिव्हर्स. हँडल मारून इंजिन सुरू करताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवावा. झटका उलटा आला, तर मूठ हातातून सुटते, मनगट वाचतं.

पात्यांत हरळी किंवा ठिबकची नळी गुंडाळली जाणं दोन्हीकडे रोजचंच. इंजिन बंद केल्याशिवाय हात घालायचा नाही. पेट्रोलच्या वीडरला प्लगची टोपीही काढून ठेवावी. बंद पॉलिहाउसमध्ये पेट्रोल इंजिन चालवू नये. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

वीडर भाड्याने आणलात, तर शेतात नेण्याआधी अंगणातच एक बघा. हँडलवरचा लिव्हर दाबला की पाती फिरायला हवीत आणि सोडला की थांबायला हवीत. पुष्कळदा तो ट्यूबच्या पट्टीने बांधलेला सापडतो, हात दुखू नये म्हणून. पट्टी कापून टाका. तरी पाती फिरतच राहिली, तर केबल जास्त ताणलेली असू शकते. ती नीट करून मिळेपर्यंत यंत्र वाफ्यात उतरवू नका.