जेएएच (जयारोग्य रुग्णालय) काही दिल्लीने दिलेलं नाही
ग्वाल्हेरच्या लष्कर भागात कुणाच्याही ओसरीवर बसा, एखादे काका ठासून सांगतातच: “१९४७च्या आधी सरकारी औषधपाणी नव्हतंच, सगळा भार वैद्यबुवांवर.” साफ चूक. ज्या जेएएचच्या खिडकीशी आपण पर्चा काढायला ताटकळतो, त्या ‘जयारोग्य’मधले ‘जया’ म्हणजे ग्वाल्हेरचे महाराज जयाजीराव शिंदे. दवाखाना संस्थानी काळातला. गजरा राजा मेडिकल कॉलेजही १९४६चं. इंदुरात तर वैद्यकीय शाळा १८७८पासून होती.

खेड्यांत मात्र हात आखडताच होता, एवढं काकांचं खरं. प्राथमिक आरोग्य केंद्रांची योजना आरोग्यसेवेसाठी नेमलेल्या भोर समितीने १९४६ साली मांडली, केंद्रं उघडू लागली १९५२पासून. आणि दिल्लीचं म्हणाल, तर राज्यघटनेत रुग्णालयं आजही राज्यांच्याच सूचीत आहेत.