अंडी यंत्रात ठेवली, आता पुढचे दोन महिने काय?

साप, पाली, सरडे, कासवे अशा सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंड्यांसाठी आमच्याकडून उबवणी यंत्र घेऊन गेलेल्या ग्राहकांचा फोन बहुधा तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात येतो. "काहीच होताना दिसत नाही, उघडून पाहू का?" उत्तर जवळपास नेहमी 'नको' असेच असते. त्यामागची कारणे आणि खरोखर हात घालावा लागतो ते प्रसंग या पत्रकात दिले आहेत.

पहिल्या दोन दिवसांतली कामे

अंडी घातल्याची तारीख आणि प्राण्याची जात यंत्रातल्या अंड्यांच्या डब्यावर लिहा. दिवस मोजायचे ते अंडी घातल्यापासून, यंत्रात ठेवल्यापासून नव्हे. प्रत्येक अंड्याच्या वरच्या बाजूला मऊ पेन्सिलीने छोटी खूण करा. कोंबडीच्या अंड्यात बलक तोलून धरणारे दोर असतात, सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंड्यात ते नसतात. घातल्यानंतर एक-दोन दिवसांत गर्भ वरच्या बाजूच्या पडद्याला चिकटतो. त्यानंतर अंडे उलटले तर तो बलकाखाली दाबला जाऊन मरू शकतो. म्हणूनच कोंबडीची अंडी फिरवणारे यंत्र इथे चालत नाही. अजगराची अंडी एकमेकांना चिकटलेली असतील तर जोर लावून सोडवू नका, गठ्ठा तसाच ठेवा.

डब्यात अंथरायचे व्हर्मिक्युलाइट (ओल धरून ठेवणारे खनिज) आणि पाणी वजनाने समान घ्यावे: 100 ग्रॅमला 100 ग्रॅम. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, बोटांतून धार लागू नये. अंडी अर्धी रुतवा, पूर्ण पुरू नका. झाकणासह डब्याचे वजन करून तेही लिहून ठेवा, पुढे उपयोगी पडते.

किती दिवस लागतात?

लेपर्ड गेको (पालीची जात) 32 अंशांना सुमारे 40 ते 45 दिवसांत बाहेर येतो. 27 अंशांना त्याच अंड्याला दोन महिने किंवा थोडे जास्त लागतात. बॉल पायथनला (अजगराची जात) 31-32 अंशांना 55 ते 60 दिवस, कॉर्न स्नेक या सापाला 27-29 अंशांना साधारण तेवढेच किंवा आठवडाभर जास्त. बिअर्डेड ड्रॅगन या सरड्याला 28-30 अंशांना 55 ते 75. क्रेस्टेड गेको 22-25 अंशांना दोन महिन्यांपासून चार महिन्यांपर्यंत वेळ घेतो. पँथर कॅमेलिऑन या रंग बदलणाऱ्या सरड्याची अंडी तर सहा महिने ते वर्षभर वाट पाहायला लावतात. त्यामुळे कॅलेंडरवर एका तारखेला गोल करू नका, दोन तारखांमधला पट्टा रंगवा.

लवकर व्हावे म्हणून तापमान वाढवणे ही सर्वांत महागात पडणारी घाई. 34-35 अंशांच्या पुढे बहुतेक जातींचे गर्भ मरतात किंवा पिल्ले व्यंग घेऊन येतात. शिवाय लेपर्ड गेको आणि अनेक कासवांमध्ये नर की मादी हे उबवणीच्या तापमानावरच ठरते: 32 अंशांना लेपर्ड गेकोचे बहुतेक नर निघतात, 26-28 ला बहुतेक माद्या. वीज गेली तर पेटी उघडू नका, वरून घोंगडी टाका. काही तासांचा गारवा अंडी सहसा सोसतात. वीज आल्यावर भरपाई म्हणून आकडा चढवू नका.

थर्मोस्टॅटचा (तापमान राखणाऱ्या उपकरणाचा) प्रोब, म्हणजे तापमान मोजणारे टोक, अंड्यांच्या डब्यात, अंड्यांच्याच उंचीवर हवा. यंत्राच्या भिंतीजवळचा आकडा तुमच्या अंड्यांचा नसतो. दुसरा साधा डिजिटल थर्मामीटर शेजारी ठेवा. दोघांत एका अंशापेक्षा जास्त फरक दिसला तर आम्हाला कळवा.

आठवड्यातून एकदा, अर्धा मिनिट

झाकण उघडा, हवा बदलू द्या, बंद करा. डब्याचे वजन घटले असेल तर तेवढेच पाणी, यंत्राच्या तापमानाचे, कडेने सोडा. अंड्यावर थेंब पडू देऊ नका. कवचावर पाणी साचले की त्याची छिद्रे बुजतात.

मधल्या काळात अंडे पिचकले तर ओल कमी पडली आहे. शेवटच्या आठवड्यात पिचकले तर बहुधा पिल्लू निघायच्या बेतात आहे, पाणी घालू नका. (बऱ्याच कासवांची आणि काही गेकोंची अंडी टणक कवचाची असतात, त्यांना ही खूण लागू नाही.)

फलित आहे का हे पाहायचे असेल तर साधारण दहाव्या दिवशी अंधारात, अंडे न उचलता, बाजूने लहान एलईडी टॉर्च लावा. लाल शिरा दिसल्या की पुरे. नुसती पिवळी झाक दिसली तरी लगेच फेकू नका, आठवड्याने पुन्हा पाहा. बुरशी जिवंत अंड्यावर क्वचितच पसरते. थोडी दिसली तर कोरड्या कापसाने हलकेच पुसा. अंडे पिवळे पडून खचले आणि वास मारू लागले, तरच काढा.

कवच फाटल्यावर

नाकाच्या टोकावरच्या तात्पुरत्या दाताने साप चीर पाडतो आणि मग एक-दोन दिवस नुसते तोंड बाहेर काढून बसतो. तो अडकलेला नसतो. उरलेला बलक पोटात ओढून घेत असतो. याच वेळी कात्री लावली तर बलकाची पिशवी फाटते, रक्तस्राव होतो आणि धडधाकट पिल्लू जाते. बाहेर आलेल्या पिल्लाच्या पोटाशी पिशवी लोंबत असेल तर ओल्या टिश्यूपेपरवर वेगळे ठेवा, ओढू नका. बहुतेक साप आणि गेको पहिली कात टाकल्यावरच खायला लागतात, तोवर खाण्याचा आग्रह नको.

भावंडे एकाच दिवशी येतील असे नाही, चार-पाच दिवसांचे अंतर पडते. पहिले पिल्लू आले म्हणून यंत्र बंद करू नका. रंगवलेला पट्टा उलटून गेल्यावरही जे अंडे टणटणीत आणि स्वच्छ आहे, त्याला आणखी दोन आठवडे द्या.