शिकारी पक्ष्यांची शरदातली मोजणी : हॉक माउंटन ते सुप्याचा माळ

पाऊस ओसरून गवत पिवळे पडू लागले की पुण्याच्या पूर्वेला, सासवड-जेजुरीपासून सुप्यापर्यंतच्या माळांवर भोवत्या (हॅरियर) हा शिकारी पक्षी दिसू लागतो. दलदली भोवत्या आधी येतो, पाठोपाठ माँटेग्यूचा आणि फिकट भोवत्या. या दोघांची वीण कझाकस्तान आणि दक्षिण रशियाच्या गवताळ प्रदेशांत होते. ‘यंदा किती आले?’ हा प्रश्न दरवर्षी निघतो. मात्र त्याचे उत्तर देण्याची जगभर रुळलेली पद्धत, म्हणजे एका जागी बसून समोरून जाणारे पक्षी मोजणे, पुण्यात जशीच्या तशी चालत नाही.

ती पद्धत अमेरिकेत घडली. पेनसिल्व्हानिया राज्याने १९२९ मध्ये गॉसहॉक हा शिकारी पक्षी मारणाऱ्याला ५ डॉलरचे इनाम लावले. शरदात तिथल्या हॉक माउंटन या डोंगराच्या धारेवरून जाणाऱ्या सगळ्याच ससाण्या-गरुडांवर बंदुका रोखल्या जात होत्या. १९३४ मध्ये रोझली एज यांनी तो डोंगर भाडेपट्ट्याने घेतला आणि मॉरिस ब्राउन यांना राखणदार नेमले. राखणीबरोबरच ब्राउन यांनी समोरून जाणारे पक्षी रोज टिपायला सुरुवात केली. हॉक माउंटनची मोजणी तेव्हापासूनची.

त्या वहीचे खरे मोल पुढे कळले. ब्राउन नुसती बेरीज मांडत नव्हते, पक्षी पहिल्या वर्षाचा की प्रौढ, हेही लिहीत होते. १९३५ ते १९३९ दरम्यान दिसलेल्या बाल्ड ईगलपैकी ४० टक्के पहिल्या वर्षाचे होते. १९५५ ते १९५९ मध्ये हे प्रमाण २० टक्क्यांवर आले, आणि १९५७ साली ३२ प्रौढांमागे एकच पिल्लू दिसले. प्रौढ येत होते, पण नवी पिढी नव्हती. लेखिका रॅचेल कार्सन यांनी १९६२ मध्ये डीडीटी या कीटकनाशकाविरुद्ध मांडलेल्या पुराव्यांत हे आकडे होते. अमेरिकेत डीडीटीवर बंदी आली १९७२ मध्ये. एकूण संख्येचा एकच रकाना असता तर हा बदल इतका स्पष्ट दिसला नसता.

हॉक माउंटनवर पक्षी एकवटतात ते भूगोलामुळे. जड अंगाचे शिकारी पक्षी पंख मारणे टाळतात. तापलेल्या जमिनीवरून वर चढणाऱ्या हवेत, म्हणजे थर्मलमध्ये, ते गिरक्या घेत उंची गाठतात आणि मग तरंगत पुढे सरकतात. समुद्रावर थर्मल जवळजवळ नसतातच, म्हणून थवे किनारा किंवा डोंगररांग धरतात. जॉर्जिया देशातले बाटुमी आणि मेक्सिकोतले वेराक्रूझ यांची ख्याती त्यामुळेच. नेपाळमध्ये पोखऱ्याच्या पश्चिमेला थूलाखर्कजवळून स्टेपी गरुड हिमालयाच्या कडेकडेने पूर्वेकडून पश्चिमेला जातात.

पुण्याभोवती अशी चिंचोळी वाट नाही. दख्खनचे पठार रुंद, त्यामुळे भोवत्या त्यावर विखरून येतो. सिंहगडावर क्लिकर (बटण दाबून मोजायचे यंत्र) घेऊन दिवसभर बसले तर आकडा फुगतो तो शहरातल्या कायमच्या घारींनी. उलट दुपारी निरभ्र आभाळात उंचावरून जाणारे पक्षी निसटतात, कारण मागे ढग नसला की ठिपका नजरेत ठरत नाही. अमूर ससाणा हा थोडा अपवाद. नागालँडमधल्या त्याच्या २०१२ च्या कत्तलीनंतर २०१३ मध्ये त्याच्यावर उपग्रह-यंत्रे बसवली, तेव्हा भारत ओलांडून थेट अरबी समुद्रावर झेपावण्याचा त्याचा मार्ग नकाशावर आला. लोणावळ्याच्या बाजूला तो नोव्हेंबरच्या अखेरीस दिसतो, पण मुक्काम थोडाच.

म्हणून इथे भरवशाची मोजणी म्हणजे रातथाऱ्यावरची. दिवसभर टोळ आणि उंदीर टिपत पांगलेला भोवत्या संध्याकाळी ठरावीक गवतात जमिनीवर उतरून एकत्र झोपतो. गुजरातेतल्या वेळावदरचा रातथारा जगातल्या सर्वांत मोठ्यांपैकी एक मानला जातो.

सूर्यास्ताच्या तासभर आधी, गवतापासून किमान २०० मीटरवर बसावे. ऊन असेतो सूर्य पाठीशी ठेवून जात, लिंग, वय लिहून घ्यावे. माँटेग्यूच्या नराच्या पंखावर वरून काळी पट्टी दिसते, फिकट भोवत्याच्या नराच्या पंखाच्या टोकाला काळी पाचर असते. या दोघांच्या माद्या आणि पिल्ले लांबून सारखीच. खात्री नसेल तर ‘रिंगटेल’ एवढेच लिहावे. अंदाजाने जात ठरवली की वही नासलीच. सूर्य बुडाल्यावर बाजू बदलून उजळ पश्चिमेकडे तोंड करावे, म्हणजे काळ्या आकृत्या मोजता येतात.

घोळ होतो तो इथे. गवतात शिरण्याआधी पक्षी शेजारच्या नांगरटीत बसतात, आत उतरतात, कुणी दचकवले की पुन्हा उठून जागा बदलतात. नुसत्या उतरण्या मोजल्या तर एकच पक्षी दोन-तीनदा धरला जातो. दर दहा मिनिटांनी आत गेलेले आणि बाहेर आलेले वेगळे मांडून वजाबाकी करावी. मोठा माळ असेल तर दोघा-तिघांनी बाजू वाटून घ्याव्यात आणि घड्याळे जुळवून ठेवावीत. शंका राहिली तर पहाटे उजाडण्याआधी त्याच जागी बसून उठणारे पक्षी मोजावेत.

प्रत्येक पानावर बसल्याची आणि उठल्याची वेळ, वारा, ढग, माणसे किती, हे हवेच. शून्य पक्ष्यांची संध्याकाळही लिहायची. ती गाळली तर पुढच्या वर्षीच्या आकड्याशी तुलनाच होत नाही.

रातथारा ओस दिसला तर पक्षी घटले असे लगेच लिहू नये. गवत कापले, पेटवले, किंवा माळाला पडीक समजून तिथे रोपांचे खड्डे खणले, तर पक्षी जवळच्याच दुसऱ्या गवतात सरकलेले असू शकतात. त्याच आठवड्यात आसपासची गवते संध्याकाळी पाहून घ्यावीत आणि गवताची उंचीही नोंदवावी. रातथाऱ्याची नेमकी जागा मात्र समाजमाध्यमावर टाकू नये, कारण छायाचित्रासाठी कुणी गवतात शिरले की त्या रात्रीचे पक्षी उठतात.