‘मी जाड दिसतेय का गं?’

फिजी बेटांवर अंगानं भरलेल्या बाईचं कौतुक व्हायचं. पाहुण्याला आग्रह करकरून वाढायचं आणि एखादी पोरगी रोडावली तर घरादारानं काळजी करायची, अशी तिथली रीत. तिथल्या नाद्रोगा भागात १९९५ साली टीव्ही आला. हार्वर्डच्या मानसोपचारतज्ज्ञ ॲन बेकर यांनी त्या वर्षी आणि पुन्हा १९९८ साली शाळकरी मुलींना खाण्यापिण्याविषयी प्रश्न विचारले. वजन घटवायला मुद्दाम उलटी काढणारी मुलगी पहिल्या वेळी एकही नव्हती. तीन वर्षांनी हे प्रमाण ११.३ टक्के झालं. आपण फार जाड आहोत असं अधूनमधून तरी वाटणाऱ्या मुली होत्या ७४ टक्के. दोन्ही वेळी मुली साठ-पासष्टच होत्या, त्यामुळे आकडे जपूनच वापरायला हवेत.

मला अधिक मोलाचं वाटतं ते बेकर आणि सहकाऱ्यांचं २०११ साली प्रसिद्ध झालेलं काम. मुलगी स्वतः टीव्ही-व्हिडिओ किती पाहते हे जमेला धरूनही, तिच्या मैत्रिणींपर्यंत ही माध्यमं किती पोहोचली आहेत याचा तिच्या खाण्याच्या बिघडलेल्या सवयींशी संबंध दिसला. म्हणजे लेकीच्या हातातला मोबाइल काढून घेतला की आपलं काम संपलं, असं नाही. तो पडदा वर्गातल्या गप्पांतूनही तिच्यापर्यंत येतो.

या गप्पा कशा चालतात, ते मधल्या सुट्टीत ऐकू येतं. एक म्हणते, ‘मी किती जाड झालेय!’ दुसरी लगेच, ‘तू कुठे गं जाड? माझ्या मांड्या बघ.’ तिसरीच्या डब्यातली पोळी तशीच राहते. मिमी निक्टर आणि नॅन्सी वुकोविच या संशोधकांनी १९९४ साली अमेरिकेतल्या मुलींच्या अशाच बोलण्याचा अभ्यास करून त्याला ‘फॅट टॉक’ म्हटलं. यात वाईट हेतू कुणाचाच नसतो. उलट एकमेकींना धीर देण्याची ती पद्धत असते. पण ‘तू कुठे जाड?’ या उत्तरातही जाड असणं वाईटच, हे सगळ्यांनी मान्य केलेलं असतं. म्हणून आईनं ‘तू सुंदरच आहेस’ असं कितीही सांगितलं, तरी विषय दिसण्यावरच अडकून राहतो.

आणि हे सगळं नेमक्या नको त्या वयात. मुलगी वयात येते तेव्हा इस्ट्रोजेनमुळे मांड्या, कंबर, छाती इथे चरबी साठते. पाळी नीट चालायला हा साठा लागतो. हे बदल कुणाला आठव्या वर्षी सुरू होतात, तर कुणाला तेराव्या. एकाच बाकावरच्या दोघींची शरीरं त्यामुळे कितीतरी वेगळी दिसतात, आणि तरी दोघीही निरोगी असतात. हे मुलींना आधीच सांगायला हवं. शिवाय आपल्या देशात १५ ते १९ वयाच्या जवळपास ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आहे, असं २०१९-२१ची राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी सांगते. त्यांनी जेवण टाळणं फार महागात पडतं.

मानसशास्त्रज्ञ एरिक स्टाइस यांच्या ‘बॉडी प्रोजेक्ट’ या उपक्रमात मोठ्यांनी उपदेश करायचा नसतो. मुलीच गटात बसून बारीक दिसण्याच्या हट्टाची किंमत काय, हे एकमेकींना पटवून देतात. आपण जे तोंडानं मांडतो त्याच्याशी मन जुळवून घेऊ लागतं, हे त्यामागचं मानसशास्त्र. अनेक चाचण्यांत त्याचा उपयोग दिसला आहे. कुठल्याही शाळेतल्या बाईंना हे आठवीच्या वर्गात करून पाहता येईल.

घरी आधी आपलंच बोलणं तपासावं. लग्नात भेटलेल्या मावशीचं ‘केवढी सुटलीस गं!’, किंवा ‘उन्हात खेळू नकोस, काळी पडशील’ हे वाक्य. त्यापायी मुली कबड्डी सोडतात, याचं मला फार वाईट वाटतं. अशा वेळी आईनं तिथल्या तिथे, सगळ्यांदेखत ‘तिच्या अंगावर बोलायचं नाही’ म्हणावं. मुलगी ऐकत असते.

जेवल्यावर लगेच न्हाणीघरात जाणं, चारचौघांत जेवायचं टाळणं, चक्कर येणं, पाळी थांबणं, झपाट्यानं वजन उतरणं, यातलं काही दिसलं तर डॉक्टरांकडे न्यावं. सरकारच्या टेलिमानस सेवेत १४४१६ या क्रमांकावर मानसिक आरोग्याविषयी मोफत बोलता येतं, मराठीतही.