अंबाडुंगरचा दगड आणि चाकातला चुंबक

गेल्या उन्हाळ्यात भाच्याची इलेक्ट्रिक स्कूटर बंद पडली. बडोद्याच्या रावपुऱ्यातल्या मेकॅनिकने मागच्या चाकातली मोटर आमच्यासमोर उघडली, तर आत गोलाकार चिकटवलेल्या चपट्या चुंबकपट्ट्या. हातातला पाना त्यांनी असा ओढून घेतला की सोडवायला दोन्ही हात लावावे लागले. "मामा, एवढ्याशा पट्टीत एवढं बळ?" भाच्याने विचारलं. मेकॅनिकला ठाऊक होतं ते त्याने सांगितलं: पट्ट्या चीनहून येतात.

मला आठवला तो माझ्या टेबलावरचा जांभळट दगड. सयाजीराव विद्यापीठात भूविज्ञान शिकत असताना तो मी अंबाडुंगरहून आणला होता. डभोई, बोडेलीच्या पुढे, कवांटच्या बाजूला हा डोंगर आहे. बडोद्याहून गाडीने तीनेक तास. त्या चुंबकात लोखंड आणि बोरॉनबरोबर जो निओडिमियम धातू असतो, तो या डोंगरात आहे. असा चुंबक 1983 मध्ये जपान आणि अमेरिकेत वेगवेगळ्या संशोधकांनी शोधला. आपल्या डोंगराची ओळख त्याच्याही वीस वर्षं आधीची. तरीही रावपुऱ्यातल्या स्कूटरमधला चुंबक परदेशी का, हे भाच्याला सांगताना माझ्या लक्षात आलं की आपल्याकडे खाण म्हणजे खोदकाम एवढंच डोळ्यांपुढे येतं. खोदण्याच्या आधी काय लागतं आणि नंतर काय लागतं, यावर बोलणं होत नाही.

बडोद्याला या विषयाची जुनी परंपरा आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातून 1891 मध्ये निवृत्त झालेल्या रॉबर्ट ब्रूस फूट यांनी पुढे गायकवाडांच्या संस्थानात काम केलं आणि 1898 मध्ये बडोदा संस्थानाच्या भूरचनेवरचं त्यांचं पुस्तक छापून आलं. पायाखाली काय आहे याची नोंद राज्याकडे असली पाहिजे, हा विचार एका संस्थानाने त्या काळी केला, याचं मला आजही कौतुक वाटतं.

अंबाडुंगरचा खडक मात्र फसवा आहे. पाहताना चुनखडीसारखा दिसतो आणि पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला की चुनखडीसारखाच फसफसतो. चुनखडी समुद्राच्या तळाशी साचते. हा मात्र खोलातून वितळलेल्या रूपात वर आलेला अग्निजन्य खडक, कार्बोनेटाइट. दख्खनचा काळा कातळ ज्या ज्वालामुखींनी पसरवला त्यांच्याच काळातला, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. आजच्या घडीला असा कार्बोनेटचा लाव्हा ओकणारा जिवंत ज्वालामुखी जगात एकच, टांझानियातला ओल दोइन्यो लेंगाई. अंबाडुंगरला हा खडक बांगडीसारखा वर्तुळात आहे आणि त्याने वर येताना भोवतालचे वालुकाश्म उचलून धरलेले दिसतात. सुखेश्वाला आणि उदास या भूवैज्ञानिकांनी 1963 मध्ये तो कार्बोनेटाइट असल्याचं प्रसिद्ध केलं.

नंतर उष्ण द्रावणं भेगांतून फिरली आणि फ्लोराइट साचलं, माझा जांभळा दगड तो हाच. त्याचा साठा सुमारे 1 कोटी 16 लाख टन मोजला गेला. त्यातलं फ्लोराइट सरासरी 30 टक्के. गुजरात खनिज विकास महामंडळाने कडीपाणीला ते काढलंही. निओडिमियम ज्यांच्यातला एक, ते रेअर अर्थ म्हणजे दुर्मीळ मृदा धातू त्याच डोंगरात बास्टनेसाइटसारख्या खनिजांच्या बारीक कणांत बसले आहेत. नुसत्या डोळ्यांना ते ओळखूही येत नाहीत. नावातल्या 'दुर्मीळ' शब्दावर जाऊ नये. यातला सिरियम पृथ्वीच्या कवचात जवळजवळ तांब्याइतका आहे. दुर्मीळ असते ती जागा, जिथे हे धातू काढायला परवडतील इतके एकवटलेले सापडतात.

ती जागा ठरवायची कशी? खनिजशोधाचे चार टप्पे मानतात, जी-4 पासून जी-1 पर्यंत. जी-4 म्हणजे नुसती टेहळणी: नकाशा, ओढ्यातल्या गाळाचे नमुने, वरवरचे दगड. पुढच्या प्रत्येक टप्प्यात बोअर जवळजवळ घेतले जातात आणि अंदाज पक्का होत जातो. हे बोअर पाण्याच्या बोअरसारखे दगडाचा चुरा करत नाहीत. हिरे बसवलेला पोकळ पाइप फिरत खाली जातो आणि आतून दगडाची दांडी वर येते, मनगटाएवढी जाड किंवा थोडी बारीक. लांबट पेट्यांच्या खणांत ती ओळीने मांडतात. कोरडी असताना सगळी करडी दिसते. ओला हात फिरवला की रंग उमटतात: पांढरी शीर, तपकिरी डाग, मध्येच जांभळी रेघ. मग दांडी उभी चिरून अर्धी प्रयोगशाळेत जाते आणि अर्धी पेटीत राहते, पुढे कुणाला शंका आली तर पुन्हा तपासायला. अशा हजारो मीटर दांडीवर एका साठ्याचा आकडा उभा राहतो.

म्हणून आकड्यांच्या बातम्या जपून वाचाव्यात. फेब्रुवारी 2023 मध्ये जम्मूतल्या रियासीला 59 लाख टन लिथियम सापडल्याचा गाजावाजा झाला. तो जी-3 चा अंदाज होता आणि आकडा लिथियमयुक्त खनिजाचा होता, शुद्ध धातूचा नव्हे. पुढे त्या पट्ट्याचा लिलाव पुरेशा बोली न आल्याने रद्द झाला. लोहखनिज, बॉक्साइट वर दिसतात, म्हणून त्यांत आपण पुढे गेलो. तांबं, निकेल, सोनं, रेअर अर्थ खोल किंवा विखुरलेले असतात. तिथे शोधावर पैसा लावणाऱ्याला काही मिळेल याची खात्री आपल्या कायद्यात फार वर्षं नव्हती. 2023 च्या दुरुस्तीने 29 खनिजांसाठी शोधपरवाना आणला आणि लिलाव जिंकणारा सरकारला जे अधिमूल्य देतो त्यात शोधणाऱ्याला वाटा दिला. माझ्या मते हे पाऊल योग्यच आहे, फक्त फार उशिरा पडलं.

साठा सिद्ध झाला तरी धातू हाती लागत नाही, आणि आपण खरे अडलोय ते इथे. लँथेनम, सिरियम, प्रेसिओडिमियम, निओडिमियम या भावंडांचे आयन सारख्याच विद्युतभाराचे असतात आणि आकारात जेमतेम फरक. आम्लात विरघळवलेलं मिश्रण एका सेंद्रिय द्रवाबरोबर घुसळायचं, थर वेगळे होऊ द्यायचे, पुन्हा घुसळायचं. प्रत्येक वेळी एखादा धातू किंचित जास्त पलीकडे जातो. असे शेकडो टप्पे झाल्यावर निओडिमियम वेगळा होतो. नंतर त्याचा धातू, मिश्रधातू, भुकटी, आणि शेवटी चुंबक. ही साखळी चीनने काही दशकं चिकाटीने उभी केली. जगातलं रेअर अर्थचं जवळजवळ 90 टक्के शुद्धीकरण आज तिथे होतं. एप्रिल 2025 मध्ये चीनने सात धातू आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली आणि आपल्या वाहन कारखान्यांना घोर लागला.

मालाची वानवा नाही. केरळ ते ओडिशा किनाऱ्यांच्या वाळूत मोनाझाइट हे खनिज आहे आणि त्यात सुमारे 72 लाख टन रेअर अर्थ ऑक्साइड असल्याचं केंद्र सरकारने संसदेत सांगितलं. गुजरात-राजस्थानच्या कठीण खडकांत आणखी सुमारे 12.9 लाख टन. मोनाझाइटमध्ये थोरियम हा किरणोत्सारी धातू असल्याने ते अणुऊर्जेच्या नियमांखाली येतं. बास्टनेसाइटमध्ये थोरियम बरंच कमी, ही अंबाडुंगरची जमेची बाजू. नोव्हेंबर 2025 मध्ये वर्षाला 6,000 टन चुंबक देशात बनवण्याची 7,280 कोटी रुपयांची योजनाही मंजूर झाली आहे. उणी बाजूही सांगायला हवी. मोटर तापली की चुंबक दुबळा पडतो. तो टिकावा म्हणून डिस्प्रोसियम घालतात. अंबाडुंगरचा भर हलक्या धातूंवर आहे. डिस्प्रोसियम हा जड गटातला, तिथे नावापुरताच.

आणि डोंगराच्या पायथ्याशी माणसं राहतात. राठवा आदिवासींची घरं आहेत, ओसरीच्या भिंतींवर त्यांच्या पिठोरा चित्रांतले घोडे रंगवलेले. फ्लोराइटच्या या पट्ट्यात जमिनीतल्या पाण्यात फ्लोराईड मुळातच जास्त असतं. त्याने दात डागाळतात आणि पुढे हाडंही धरतात. आम्ही विद्यार्थी गेलो तेव्हा सरांनी प्रत्येकाला बडोद्याहूनच बाटल्या भरून घ्यायला लावल्या होत्या. उतरताना एका घरातल्या आजींनी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि हसल्या, तेव्हा त्यांच्या दातांवरचे तपकिरी पट्टे दिसले. खाणीच्या अहवालात पाण्याच्या तपासणीचं पान सगळ्यांत आधी यावं असं मला वाटतं, ते त्या दिवसापासून.