भोंगा कर्कश वाटतो तेव्हा: मास्टर व्हॉल्यूम आणि स्वतंत्र व्हॉल्यूम यांतला फरक

मॉडेल रेल्वेत डीसीसीवर (रुळांतून डिजिटल आज्ञा पाठवण्याच्या पद्धतीवर) चालणाऱ्या एचओ (१:८७) मापाच्या डिझेल इंजिनात ध्वनी डिकोडर (त्या आज्ञा ओळखून आवाज काढणारे छोटे सर्किट) बसवला की पहिली तक्रार ठरलेली असते: भोंगा कानठळ्या बसवतो. त्यावरचा सल्लाही ठरलेला असतो: ‘मास्टर कमी करा,’ म्हणजे सगळ्या ध्वनींचा एकत्रित आवाज उतरवा. हा सल्ला चुकीचा आहे, आणि तो इतक्या खात्रीने दिला जातो की नवा माणूस त्यातच कित्येक संध्याकाळी घालवतो.

मास्टर व्हॉल्यूम बहुतेकांना ठाऊक आहे. ईएसयू कंपनीच्या लोकसाउंड डिकोडरमध्ये तो सीव्ही ६३ (सीव्ही म्हणजे डिकोडरमधली क्रमांक दिलेली, बदलता येणारी नोंद) असून त्याचे मूल्य ० ते १९२ असते.

खरी गफलत पुढे आहे. मास्टर सगळ्या ध्वनींना एकाच प्रमाणात खाली-वर करतो. समजा, भोंग्याचे स्वतंत्र मूल्य १२८ आणि इंजिनाच्या घरघरीचे ६४ आहे. मास्टर १८० वरून ९० वर आणला, तरी त्या दोघांमधले प्रमाण जसेच्या तसे राहते. फरक इतकाच की भोंगा सुसह्य होईपर्यंत उभ्या इंजिनाची मंद घरघर ऐकूच येईनाशी होते. मग लोक घरघर वाढवायला पुन्हा मास्टर चढवतात आणि भोंगा परत कानात घुसतो. तक्रार एका ध्वनीची असेल, तर त्या ध्वनीचेच मूल्य बदलले पाहिजे. खोलीच्या मानाने सगळेच मोठे वाटत असेल, तरच मास्टरला हात लावावा.

स्वतंत्र मूल्ये बदलताना लोकसाउंडमध्ये आणखी एक अडचण येते. क्रमांक २५७ ते ५१२ मधले सीव्ही एकाच पानावर नसतात. कोणते पान उघडायचे ते सीव्ही ३१ आणि सीव्ही ३२ ठरवतात. म्हणून आधी सीव्ही ३१ मध्ये १६ आणि सीव्ही ३२ मध्ये १ लिहावे लागते, त्यानंतरच सीव्ही २५९ म्हणजे पहिल्या ध्वनिकप्प्याचा (एकेका ध्वनीच्या डिकोडरमधल्या जागेचा) व्हॉल्यूम असा अर्थ लागतो. पुढचा प्रत्येक कप्पा आठ क्रमांक पुढे: तिसरा २७५, चौथा २८३. डिझेलमध्ये तिसऱ्या कप्प्यात बहुधा भोंगा आणि चौथ्यात घंटा असते. तरी आपल्या ध्वनिसंचाची यादी पाहूनच आकडा टाकावा. पान न उघडता सरळ २७५ मध्ये मूल्य लिहिणे आणि ‘डिकोडर ऐकत नाही’ म्हणणे, ही तक्रार मला सर्वांत जास्त खटकते.

साउंडट्रॅक्स कंपनीच्या सुनामी२ डिकोडरमध्ये पाने उघडण्याची भानगड नाही: १२८ मास्टर, १२९ भोंगा, १३० घंटा, १३१ इंजिन. येथे १२८ हा सीव्हीचा क्रमांक आहे, मूल्य नव्हे. वरच्या उदाहरणातल्या १२८ शी त्याची गल्लत करू नये.

माझा क्रम पक्का आहे. इंजिन मुख्य रुळावर उभे ठेवून, हातभर अंतरावरून ऐकत, प्रथम घरघर मनासारखी करावी, मग तिच्या मानाने भोंगा आणि घंटा ठरवावी, आणि मास्टर सर्वांत शेवटी. प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर (फक्त डिकोडरची मूल्ये लिहिण्यासाठी वेगळ्या ठेवलेल्या रुळावर) ही जुळवाजुळव करू नये, कारण बदललेला आवाज तिथे लगेच ऐकता येत नाही.

एवढे करूनही भोंग्याबरोबर झर्रझर्र आवाज येत असेल, तर आकडे बदलण्याआधी इंजिनाचे वरचे कवच बोटाने हलकेच दाबून पाहावे. आवाज थांबला तर दोष व्हॉल्यूमचा नसून सैल बसलेल्या कवचाचा आहे, आणि त्याला आतून चिकटपट्टीचा छोटा तुकडा लावणे पुरते.